लेकराच्या छातीतली गाठ, दारातलं कुत्रं

मुलांच्या फुफ्फुसात वाढणारी पाण्याची गाठ, डॉक्टरांच्या भाषेत हायडॅटिड सिस्ट, हा गुराढोरांच्या आणि मेंढरांच्या मुलखातला आजार. गंगाखेड तालुका अशाच मुलखात मोडतो. शहराला लागून गोदावरी, दक्षिणेकडं बालाघाटाचे डोंगर, मधे वाड्या, तांडे, धनगरांचे कळप आणि कळपामागं कुत्री. या आजारावर बोलायला इथं मामा-भाची समोरासमोर बसवली आहेत. मामा पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते, आता निवृत्त होऊन गंगाखेडलाच असतात. भाची मुंबईत बालशल्यचिकित्सक आहे. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

मामा : तुमच्याकडं लेकरू आलं की एक्स-रे काढायचा आणि पांढरा गोळा दिसला की छाती उघडायची. जरा दमानं घ्यावं की! मी उभ्या नोकरीत किती मेंढ्यांना अल्बेंडाझोल पाजलं त्याची गणती नाही. लेकरांनाही तेच औषध चालतं. आधी गोळ्या, नाहीच भागलं तर ऑपरेशन, असं का नाही?

भाची : औषध तेच, मामा, पण काम वेगळं. तुम्ही मेंढीला पाजता तेव्हा जंत आतड्यात असतो, औषध त्याला तिथंच गाठतं. लेकराच्या छातीत तसा जंत नसतोच. तिथं असते कुत्र्याच्या आतड्यातल्या जंताची अळी, आणि ती स्वतःभोवती घर बांधून बसलेली असते. बाहेरची भिंत लेकराच्या शरीरानं उभारलेली. तिच्या आत अळीनं तयार केलेला पांढरा, जाडसर पडदा. त्याच्याही आत एक नाजूक जिवंत अस्तर, त्यातून नव्या अळ्यांची डोकी फुटत राहतात. मधे निवळ पाणी. गोळीतलं औषध एवढ्या भिंती झिरपून आत पोचायला महिने लागतात. वजनाच्या दर किलोमागं रोज १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळा विभागून, तेही तुपा-दुधाच्या जेवणाबरोबर, कारण पोटात स्निग्ध काही नसलं तर ते नीट शोषलं जात नाही. मधे मधे रक्त तपासायचं, लिव्हरला त्रास होत नाही ना, पांढऱ्या पेशी उतरत नाहीत ना, ते बघायचं.

मामा : मग द्या की महिनोन् महिने. लिव्हरच्या गाठीला देताच ना? काही गाठी तर तुम्ही नुसत्या नजरेखाली ठेवता म्हणे.

भाची : ठेवतो. लिव्हरची गाठ सोनोग्राफीत नीट दिसते. ती जिवंत आहे, मरायला टेकलीय की मरून चुन्यासारखी घट्ट झालीय, हे चित्रावरून ठरवता येतं. मेलेल्या गाठीला हात लावायची गरज नसते. काही गाठींत बाहेरून सुई घालून पाणी काढतात, आत औषध सोडतात आणि परत ओढून घेतात. पण फुफ्फुसातल्या गाठीत बाहेरून सुई घालायची नाही, हा नियम आहे. लिव्हर घट्ट असतं, गाठीला चारी बाजूंनी दाबून धरतं. फुफ्फुस स्पंजासारखं मऊ, शिवाय प्रत्येक श्वासाला ताणलं जाणारं. गाठीला तिथं अडवणारं कुणी नाही, म्हणून ती झपाट्यानं वाढते. मोठ्या माणसांत ही गाठ बहुतेक वेळा लिव्हरात सापडते, मुलांत मात्र फुफ्फुसातल्या गाठींचं प्रमाण बरंच जास्त असतं.

मामा : वाढू दे, पण औषधानं मरेल ना कधीतरी?

भाची : खरी भीती ती मरतानाचीच आहे. औषधानं आतला पडदा कमजोर होतो, सुटतो, फाटतो. लिव्हरात फाटला तर निदान बाहेरची भिंत तरी पुष्कळदा धरून राहते. फुफ्फुसात तो जवळच्या श्वासनलिकेत फुटला की लेकराला एकदम ढास लागते आणि तोंडातून खारट पाणी येतं, कधी द्राक्षाच्या सालीसारखे तुकडे येतात. सगळं पाणी गेलं आणि लेकरू बरं झालं, असंही क्वचित घडतं. पण पडदा आतच अडकून राहिला तर तिथं पू होतो. आणि त्या पाण्याची ॲलर्जी अशी असते की अंगावर गांधी उठण्यापासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून फुफ्फुसात अख्खी गाठ असेल तर ऑपरेशनच्या आधी अल्बेंडाझोल देऊ नये, असं मानणारे सर्जन पुष्कळ आहेत. आधी गाठ काढायची, मग काही महिने गोळ्या द्यायच्या.

मामा : म्हणजे गोळीनं गाठ जातच नाही म्हणतेस?

भाची : तसं सरसकट म्हणत नाही. गाठ लहान असेल, दोन्ही फुफ्फुसांत पसरलेल्या पुष्कळ गाठी असतील किंवा लेकरू भूल सोसण्यासारखं नसेल, तर गोळीलाच पहिला मान. पण मोठी, अख्खी, एकटी गाठ असलेल्या लेकराला 'गोळ्या खाऊन बघू' म्हणत घरी पाठवणं म्हणजे ती कुठं आणि कधी फुटेल हे दैवावर सोपवणं. फुटलेल्या गाठीचं ऑपरेशन अख्ख्या गाठीपेक्षा अवघड होतं.

मामा : आणखी एक ऐक. आई-बाप मला विचारतात, आमचं लेकरू शाळेत जंताची गोळी खातं, मग त्याला हा रोग होईल कसा?

भाची : ती एकच गोळी असते, ४०० मिलिग्रॅमची, १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची आणि नंतरच्या फेरीची. गोल जंत, अंकुशकृमी, चाबूककृमी, असे मातीतून पसरणारे जंत तिनं पडतात. त्या कामाला ती उत्तम आहे, चुकवू नये. पण या गाठीपासून ती राखण करत नाही आणि झालेली गाठही बरी करत नाही. हे शाळेतच सांगायला हवं.

मामा : बरं, ऑपरेशन म्हणजे फुफ्फुसच कापून काढता ना? वाड्यावर हीच भीती आहे. लेकराचं अर्धं फुफ्फुस गेलं तर ते पुढं नांगर धरणार कसं, ऊस तोडणार कसं?

भाची : कापत नाही, मामा. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप. ऐका, काय करतो ते सांगते. लेकराला कुशीवर निजवतो. दोन बरगड्यांच्या मधून छाती उघडतो. गाठीचा पांढुरका उंचवटा फुफ्फुसावर वरूनच दिसतो. त्याला हात लावायच्या आधी सभोवार पट्ट्या अंथरतो, नेहमीच्या सलाइनपेक्षा कितीतरी खारट पाण्यात नाहीतर बीटाडीनमध्ये भिजवलेल्या. कारण आतलं पाणी छातीत सांडलं तर त्यातल्या अळ्या नव्या गाठी धरू शकतात. मग शरीरानं उभारलेली बाहेरची भिंत तेवढी अलगद चिरायची. आतला पडदा डोकावला की भूलतज्ज्ञाला सांगायचं, आता हळूच फुगवा. फुफ्फुस फुगतं आणि गाठीला आपणच बाहेर लोटतं. खाली स्टीलचं भांडं धरलेलं असतं. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा पांढराशुभ्र, लिबलिबीत गोळा अख्खाच्या अख्खा त्यात उतरतो. त्या क्षणी ऑपरेशन थिएटरात कुणी बोलत नाही.

मामा : आणि नाही उतरला तर?

भाची : गाठ फार मोठी किंवा अवघड जागी असली, तर पट्ट्यांच्या बंदोबस्तात आधी पाणी ओढून घेतो, मग पडदा चिमट्यानं काढतो. अख्खी गाठ काढायच्या पद्धतीला बॅरेटचं नाव आहे. अन्ननलिकेच्या एका विकारालाही ज्याचं नाव लागलंय तोच लंडनचा नॉर्मन बॅरेट, जन्मानं मेंढ्यांच्या ऑस्ट्रेलियातला. पण गाठ निघाली म्हणजे काम संपलं असं नाही. पोकळीत सलाइन ओततो आणि पुन्हा फुगवायला सांगतो. जिथून बुडबुडे येतात तिथं श्वासनलिकेचं तोंड उघडं आहे. एकेक तोंड बारीक टाक्यानं बंद करतो. मग पोकळीच्या भिंती एकमेकींना शिवून जागा बुजवतो. हे शेवटचं शिवणं दरवेळी गरजेचं आहे का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. छातीत नळी ठेवतो, ती पाण्याच्या बाटलीला जोडतो. हवा यायची थांबली आणि एक्स-रेत फुफ्फुस फुललेलं दिसलं की नळी काढतो. तोवर लेकराला फुगे फुगवायला लावतो. लहान वयातलं फुफ्फुस गाठीनं दाबून ठेवलेलं असलं तरी पुन्हा फुलतं आणि वाढतं, म्हणून मुलांत जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं. फुफ्फुसाचा तुकडा काढायची वेळ येते ती पू होऊन तो भाग सडला तर. म्हणजे उशीर झाला तर.

मामा : उशीर तर होणारच. इथं लेकरू खोकलं की आधी मेडिकलवरचं खोकल्याचं औषध. मग कुणी सांगतं टीबी असेल. मग टीबीच्या गोळ्या. तुझ्यापर्यंत यायला किती महिने जात असतील?

भाची : ते मान्य आहे. ताप, खोकला, छातीत दुखणं, कधी थुंकीत रक्त, वर एक्स-रेत पांढरा डाग, एवढ्यावर मराठवाड्यातल्या कुणालाही आधी टीबीच आठवणार. त्याहून वाईट म्हणजे फुटलेली गाठ छातीत साठलेल्या पाण्यासारखी किंवा पुवासारखी दिसते आणि कुणी सरळ सुई घालतं. म्हणून माझं इतकंच म्हणणं आहे की डाग कडेनं रेखीव, गोल असेल तर सुईच्या आधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करा. आणि एक प्रश्न विचारा : घरात कुत्रं आहे का, जवळ मेंढ्या बसतात का? फुटलेल्या गाठीत उरलेल्या पाण्यावर पडदा तरंगताना दिसतो, त्याला एक्स-रेवाले पाण्यावरचं कमळ म्हणतात. रक्ताच्या तपासणीवर मात्र भिस्त ठेवू नका. फुफ्फुसात अख्खी गाठ असताना ती पुष्कळदा काहीच दाखवत नाही.

मामा : ठीक. तुझं ऑपरेशन मी मानलं. आता माझं ऐक. लेकरू बरं झालं, डिस्चार्ज झाला, परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलेली माणसं परत आली. कुठं आली? त्याच वाड्यावर. त्याच कुत्र्याच्या शेजारी. गाठ तू काढलीस, पण जिथून आली ते तसंच आहे.

भाची : ते काम माझं नाही, मामा.

मामा : दुखणं तिथंच तर आहे. कंदुरीला बोकड कापतात, बघितलंयस ना? कापणारा पोट उघडतो, काळीज हातात घेतो, त्यावर पाण्यानं भरलेला फोड दिसला की तोंड वाकडं करतो. खाणाराला ते नको असतं, म्हणून तेवढा भाग, कधी अख्खं काळीज, फोपसं, बाजूला भिरकावतो. कुत्रं तिथं बसलेलंच असतं. म्हणजे चांगलं काळीज माणूस खातो आणि गाठीचं कुत्र्याला. ती गाठ माणसानं शिजवून खाल्ली असती तरी काही झालं नसतं. किळस आली म्हणून फेकली आणि रोगाला वाट मिळाली. कुत्र्याच्या आतड्यात त्या पाण्यातल्या डोक्यांचे जंत होतात, तीन ते सहा मिलिमीटरचे, पण हजारोंनी. कुत्र्याला त्याचं काही दुखत नाही. साधारण दीड महिन्यात अंडी पडायला लागतात. विष्ठेतून मातीत, केसांतून लेकराच्या हातात, मळ्यातल्या कोथिंबिरीवर. उन्हाळ्यातल्या कोरड्या उन्हात ती मरतात, पण ओल्या, सावलीच्या जागी महिनोन् महिने टिकतात.

भाची : हे लोकांना पटवणं अवघड जातं. गंगाखेड संत जनाबाईंचं गाव. माळकरी बाप ओपीडीत विचारतो, 'आमच्या घरात कुणी मटणाला शिवत नाही, आमच्या लेकराला हा रोग कसा?' त्याला वाटतं, आपण त्याच्या घराण्यावर आळ घेतोय.

मामा : त्याला सांगायचं, मटण खाल्ल्यानं हा रोग होत नाही, आणि माणसापासून माणसालाही होत नाही. शेजारच्या शिवारात फेकलेलं काळीज आणि आपल्या अंगणात येणारं कुत्रं, एवढं पुरतं. आणि नुसत्या मेंढरांवर बोट ठेवू नकोस. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००९ मध्ये जनावरांतल्या गाठी तपासल्या, तेव्हा म्हशींत आढळणारा प्रकारच जास्त सापडला. जिथं जनावर कापलं जातं आणि आतलं उघड्यावर पडतं, तिथं हा रोग आहे.

भाची : सगळं खरं. पण तुमच्या मार्गाला किती वर्षं लागतात? आइसलँडचं उदाहरण तुम्ही नेहमी देता. जंताचं हे चक्र जर्मन शास्त्रज्ञ फॉन सीबोल्डनं १८५३ मध्ये कुत्र्यांना मेंढ्यांच्या गाठी खायला घालून दाखवलं. १८६३ मध्ये संशोधक हाराल्ड क्राबे आइसलँडला गेला, त्यानं १०० कुत्री तपासली, २८ मध्ये हा जंत निघाला. पुढच्या वर्षी घरोघर पुस्तिका वाटल्या. मग कायदे झाले. रोग हटायला पिढ्या गेल्या. न्यूझीलंडनं १९५९ मध्ये कायदा केला आणि रोगमुक्तीची तात्पुरती घोषणा २००२ मध्ये केली. आज खोकणाऱ्या लेकरानं तोवर काय करायचं?

मामा : न्यूझीलंडवाले कुत्र्यांना काय पाजायचे माहीत आहे? अरेकोलिन. आपल्या सुपारीतलं. कुत्र्याला जुलाब व्हायचे आणि जंत पडलेत का ते तपासायचे. आता प्राझिक्वांटेल आहे, किलोमागं पाच मिलिग्रॅम, एका गोळीत जंत साफ. आपण त्यांच्यापेक्षा पुढं आहोत.

भाची : औषधात पुढं, कुत्री धरण्यात मागं! ती बेटं होती, कुत्री मालकीची होती, नोंदलेली होती. आपल्याकडं बसस्टँडवरच्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी गोळी कोण देणार? लस टोचायला ते एकदाही हाती लागत नाही.

मामा : मोकाट कुत्र्यांचं तू म्हणतेस ते कबूल. निर्बीजीकरणाला पकडलं तर तेव्हाच गोळी द्यावी, एवढंच होईल. पण कळपाचं कुत्रं मोकाट नसतं, बाई. त्याला मालक असतो, नाव असतं, आणि मालकाच्या हातची भाकरी ते खातं. भाकरीत गोळी घातली की झालं. मी लस टोचायला वाड्यावर गेलो की धनगर म्हणायचा, साहेब, मेंढ्यांचं बघा, कुत्र्याचं काय घेऊन बसलात. त्याला जर सांगितलं की ही गोळी कुत्र्यासाठी नाही, तुझ्या नातवासाठी आहे, तर तो स्वतः मागायला येईल. दुसरं, कंदुरीच्या जागी झाकणाचा खोल खड्डा. नाहीतर फेकायचं ते अर्धा तास खळखळून उकळायचं, मग कुत्र्याला घाला खुशाल. याला कायदा लागत नाही, ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो.

भाची : आणि पैसा?

मामा : तेच तुला विचारणार होतो. ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांपर्यंत. चांगलंच आहे. पण कुत्र्याच्या गोळीला त्यात जागा नाही. माझ्या खात्यात ती मागितली तर म्हणतात, कुत्रं दूध देत नाही.

भाची : एका बाबतीत मी तुमच्या बाजूला येते. मोठ्या माणसाच्या लिव्हरातली गाठ वीस-वीस वर्षं जुनी असू शकते. ती कुठं लागली हे शोधायला गेलं तर माणूस तोवर चार गावं फिरलेला असतो. पण सहा वर्षांच्या लेकराची गाठ सहा वर्षांहून जुनी असूच शकत नाही. आणि ते लेकरू फार लांब गेलेलंही नसतं. म्हणजे कुत्रं जवळच होतं आणि परवापरवापर्यंत होतं. लेकराची गाठ म्हणजे रोग आत्ता कुठं चालू आहे याची पक्की खबर. ती आम्ही भांड्यात काढतो, पॅथॉलॉजीला पाठवतो आणि फाइल बंद करतो.

मामा : मग फाइल बंद करू नको. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहितेस, टाके कधी दाखवायचे ते लिहितेस, तिथंच दोन ओळी वाढव. घरातल्या बाकीच्या लेकरांचा छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी. आणि घरच्या, शेजारच्या कुत्र्यांना जंताचं औषध, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून.

भाची : लिहीन. पण दवाखान्यात ते वाचणार कोण? 'जनावराचं असेल तर बोला' म्हणून परत पाठवतील. आणि लेकराचं नाव-गाव मी परस्पर दुसऱ्या खात्याला कळवू शकत नाही, आई-बापाची संमती लागते.

मामा : नाव कशाला हवं? आम्हाला वाडी कळली तरी बास. तालुकाभरची कुत्री शोधणं माझ्या जागेवर आलेल्या पोराला जमायचं नाही, एका वाडीतली जमतील. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय पहिल्यापासून आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोन्ही एका गावात. तिथं महिन्याकाठी कोणत्या वाडीतून गाठ आली एवढा एक कागद इकडून तिकडं जायला काय हरकत आहे?

भाची : हरकत नाही, पण कागद दोन्हीकडून यायला हवा. तुमच्या माणसाला एखाद्या वाडीत कापलेल्या जनावरांत सारख्या गाठी दिसल्या, तर त्यानं तिथल्या आशाताईला सांगायचं. मग त्या वाडीतलं जे लेकरू महिनाभर खोकतंय, ज्याला टीबीच्या गोळ्यांनी उतार नाही, त्याचा एक्स-रे पहिल्यांदा निघेल. फुटायच्या आधी गाठ माझ्याकडं आली, तर फुफ्फुस राखून देणं माझ्या हातात आहे. फुटल्यावर आली तर त्याची हमी मी देऊ शकत नाही.

मामा : म्हणजे शेवटी तुझं ऑपरेशन चांगलं व्हायचं तरी ते माझ्या कापणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे.

भाची : आणि तुमच्या कुत्र्याला गोळी मिळायची तर ती माझ्या डिस्चार्ज कार्डावर. पण एक सांगून ठेवते, मामा. वाडीतली सगळी कुत्री साफ होईपर्यंत एकाही लेकराला थांबवून ठेवणार नाही.

मामा : थांबवू नको. फक्त त्याच वाडीतलं दुसरं लेकरू तुझ्या टेबलावर आलं, तर तो हिशेब दोन्ही खात्यांच्या नावावर मांड.